डिशवॉशरच्या १० वर्षांच्या वॉरंटीवर कंपनी हात वर करते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात म्हापशाच्या एका ताईंनी जून २०१९ मध्ये डिशवॉशर घेतला. दारावरच्या स्टिकरवर टब आणि मोटर दोन्हींना १० वर्षांची वॉरंटी लिहिली आहे. आता यंत्राखाली पाणी येतं आणि ते एरर दाखवून थांबतं. टेक्निशियन येऊन गेला, "टब गंजलाय, खारी हवा आणि विहिरीचं पाणी, वॉरंटीत बसत नाही" असं तोंडी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. सर्व्हिस सेंटर आता नव्या यंत्रावर सूट देतंय. बिलाची शाई उडाली आहे. काय करावं?

ताई, सर्वांत आधी एक पथ्य: यंत्र घराबाहेर जाऊ देऊ नका. एक्स्चेंजमध्ये जुनं यंत्र गेलं की गंजलेला टब, म्हणजे तुमचा एकमेव पुरावा, भंगारात जातो. वर सूट घेताना ज्या कागदावर सही घेतात त्यात बहुधा "यापुढे कोणताही दावा नाही" अशी ओळ असते. सूट नाकारायचीही गरज नाही. ती मेलवर लेखी मागवा. वॉरंटीत काही बसतच नसेल तर सूट कशासाठी, हा प्रश्न त्या मेलमुळे आपोआप उभा राहतो.

आता वॉरंटी कार्ड वाचा. स्टिकर मोठा असतो, कार्डातला मजकूर बारीक, आणि भांडण बारीक मजकुरावरच होतं. साधारण रचना अशी: संपूर्ण यंत्राला २ वर्षं, आणि त्यापुढची ८ वर्षं फक्त नावानिशी लिहिलेल्या भागाला. टबच्या बाबतीत तर "आतल्या स्टीलच्या टबला आरपार गंज लागल्यास" एवढंच. डाग, रंग बदलणं, वरवरचा गंज यात येत नाही. मोटरच्या बाबतीत "फक्त मोटर", म्हणजे तिला चालवणारं सर्किट बोर्ड, सील, पाइप, मजुरी, व्हिजिट चार्ज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी तुमचा. त्यामुळे सातव्या वर्षी सगळं फुकट होईल ही अपेक्षा सोडा. व्हिजिट आणि मजुरी द्यावी लागली तरी टब फुकट मिळणं हीच मोठी गोष्ट. टब बदलायचा म्हणजे यंत्र जवळजवळ सगळं उघडून पुन्हा जोडायचं, म्हणून कंपन्या तिथेच सर्वांत जास्त टाळाटाळ करतात.

खरा प्रश्न मग एवढाच उरतो की पाणी नेमकं कुठून गळतंय. दाराचं रबर, पाण्याचा पाइप किंवा सम्पचं (टबच्या तळाशी पाणी जमा होणाऱ्या खळग्याचं) सील गेलं असेल तर मुदत २०२१ मध्येच संपली आणि खर्च तुमचा; त्यावर भांडून उपयोग नाही. टबला भोक असेल तर २०२९ पर्यंत जबाबदारी कंपनीची. हे आधी स्वतः बघा, म्हणजे टेक्निशियनशी बोलताना जमिनीवर पाय राहतात.

नळ बंद करा, प्लग काढा. खालची जाळी आणि फिल्टर काढून सम्पमधलं पाणी स्पंजने टिपून घ्या. टॉर्च आडवा धरला की उंचसखलपणा दिसतो. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: दाराच्या खालचे दोन पुढचे कोपरे, बाजूचा पत्रा तळाला जिथे वेल्ड केलाय ती रेघ, खालच्या फिरत्या फवारा-पंख्याची बैठक, आणि मिठाच्या टाकीच्या झाकणाभोवतीची कड. तपकिरी डाग दिसला की लगेच "गंज" म्हणू नका. चमचाभर खाण्याचं सायट्रिक ॲसिड अर्धा कप कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं १५ मिनिटं डागावर ठेवा आणि स्टीलच्या रेषांच्या दिशेने पुसा. डाग निघून खाली गुळगुळीत चकाकी आली तर तो बाहेरून आलेला गंज. लोखंडी तवा, प्लास्टिकचं आवरण सुटलेल्या जाळीची तार, किंवा जांभ्या जमिनीतल्या विहिरीच्या पाण्यातलं लोह, यांतलं काहीही असू शकतं. तो वॉरंटीत येणार नाही आणि यायलाही नको. संडास धुण्याचं ॲसिड किंवा ब्लीच मात्र चुकूनही लावू नका. त्यातलं क्लोराइड स्टीलला स्वतःच खड्डे पाडतं, आणि मग कंपनीला आयतं कारण मिळतं.

डाग गेला तरी नख अडकत असेल, बारीक टोचल्यासारखा खड्डा असेल, तर प्रकरण वेगळं. स्टेनलेस स्टील साध्या लोखंडी पत्र्यासारखं सगळीकडून गंजत नाही. वरचा संरक्षक थर एका बिंदूवर तुटतो आणि गंज तिथून खोल शिरत जातो. वरून टाचणीच्या डोक्याएवढा दिसणारा ठिपका खालून आरपार असू शकतो. शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून फोटो काढा, मग जागा कळेल असा लांबून एक.

ठिपका कुठे आहे यावर पुढची बाजू ठरते. वेल्डच्या रेघेवर किंवा कोपऱ्याच्या वळणावर असेल तर तुमची बाजू भक्कम, कारण वेल्ड करताना तापलेल्या भागाची गंजरोधक ताकद कमी होते आणि ते काम कारखान्यातलं. मिठाच्या झाकणाच्या कडेलाच असेल तर कंपनी म्हणेल की मीठ भरताना सांडलं आणि तसंच राहिलं. पुस्तिकेत मीठ भरल्यावर लगेच प्रोग्रॅम चालवायला सांगितलेलं असतं ते याचसाठी. आयोडिनवालं बारीक मीठ वापरलं असेल तर ते सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कडकपणा कमी करणारा भागही बिघडवतं. हे प्रश्न विचारले जाणारच. उत्तर खरं द्या, पण विचारल्याखेरीज फोनवर लांबलचक कबुली देत बसू नका.

आरपार आहे का, हे टेक्निशियनसमोर सिद्ध करून घ्या. पॅनल स्वतः उघडू नका; बाहेरच्या माणसाने यंत्र उघडलं हे कलम जवळजवळ प्रत्येक कार्डात असतं. त्याला बाजूचा पत्रा काढून तळातला ट्रे पुसून कोरडा करायला सांगा. मग वीज बंद ठेवून टबमध्ये संशयित जागेच्या वर येईल इतकं पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. यंत्र चालत नसताना ट्रेमध्ये थेंब पडले तर फवाऱ्याचा, दाराच्या रबराचा किंवा दाबाखालच्या पाइपचा प्रश्न मिटला. उरलं फक्त भोक किंवा सम्पचं सील, आणि त्यातला फरक टॉर्चने खालून डोळ्यांना दिसतो. या अर्ध्या तासाचा सलग व्हिडिओ घ्या. तुमचा एररही बहुधा इथूनच येतो: ट्रेमध्ये पाणी साचलं की आतला फ्लोट उचलला जातो आणि यंत्र नळ बंद करून पाणी उपसत राहतं.

मोटरचं थोडक्यात. डिशवॉशरमध्ये दोन पंप असतात: भांड्यांवर पाणी मारणारा मोठा आणि घाण पाणी बाहेर टाकणारा छोटा. १० वर्षांची वॉरंटी मोठ्याच्या मोटरला. माशाचा काटा किंवा खवलेल्या खोबऱ्याचा गोळा अडकून छोटा पंप बसला तर तो दावा करू नका. मोटर इन्व्हर्टरची (सर्किट बोर्डाने वेग कमी-जास्त होणारी) असेल आणि टेक्निशियन "बोर्ड गेलं" म्हणत असेल, तर मोटरच्या तिन्ही तारांमधला रोध मीटरवर मोजून आकडे लिहायला सांगा. तीनही जवळपास सारखे आले तर मोटर बहुधा ठीक आहे आणि तो खरं बोलतोय. एक आकडा वेगळा किंवा तार तुटलेली दाखवत असेल तर मोटरच गेलीय. काही यंत्रांत हीटर आणि मोटर एकाच जोडणीत येतात, सुटे मिळत नाहीत. तिथे "मोटर फुकट, बाकीच्या जोडणीचे पैसे द्या" असं ऐकवतात. उत्तर एकच: तुम्ही मोटर सुटी देतच नसाल तर जोडणीच द्यावी लागेल.

आता गोव्यातल्या नेहमीच्या चार सबबी.

खारी हवा. कार्डात "समुद्रकिनाऱ्याच्या हवेमुळे आलेला गंज वगळून" असं लिहिलंय का, ते पाहा. लिहिलं नसेल तर टेक्निशियनला नवी अट घालता येत नाही. किनारपट्टीच्या राज्यात अधिकृत डीलरमार्फत यंत्र विकताना हवा खारी आहे हे कंपनीला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? लिहिलेलं असेल तर नेमकी शब्दरचना वाचा. बऱ्याचदा ती बाहेरच्या रंगवलेल्या पत्र्यापुरती असते.

पाणी. "टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) जास्त आहे" असं म्हणून पेनसारखं मीटर पाण्यात बुडवतात. टीडीएसवरून कडकपणाही कळत नाही आणि क्लोराइडही नाही, आणि स्टीलला खड्डे पाडतं ते क्लोराइड. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरातल्या त्याच नळाच्या पाण्याची क्लोराइड, एकूण कडकपणा आणि लोह यांची तपासणी करून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि कडकपणाची २००. तुमचा आकडा त्याखाली असेल तर ही सबब तिथेच गळून पडते. आणि डिशवॉशरला सरकारी नळाचं पाणी जोडलेलं असेल, विहिरीचं फक्त बागेला असेल, तर नळाचं बिल जोडा. पंपाची टाकी दिसली की टेक्निशियन सरसकट "विहिरीचं पाणी" लिहून मोकळा होतो. क्लोराइड जास्तच निघालं तर अडचण आहे. मग सगळा भर ठिपका वेल्डवर आहे यावर ठेवावा लागतो.

वीज. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात बोर्ड जळणं इथे नवं नाही आणि व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान बहुतेक कार्डांत वगळलेलं असतं. पण टबच्या भोकाचा विजेशी संबंध काय? जॉब शीटवर, म्हणजे टेक्निशियन भेटीत भरतो त्या कागदावर, हे कारण घुसडलं गेलं तर तिथेच हरकत लिहा.

होमस्टे. हा मुद्दा सर्वांत कमी लोकांना माहीत असतो आणि सर्वांत जास्त दावे यावर पडतात. वॉरंटी घरगुती वापरापुरती असते. बिलावर व्यवसायाचा जीएसटी क्रमांक असेल किंवा ज्या पत्त्यावर यंत्र आहे ते घर पर्यटकांना भाड्याने देण्याच्या साइटवर दिसत असेल, तर कंपनी तेच छापून जोडते. कायद्यातही व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वापर असेल तर सवलत आहे. तुमचं तसं काही नसेल तर पहिल्याच मेलमध्ये "केवळ घरगुती वापर" हे लिहून टाका.

या सगळ्याचा निकाल लागतो तो जॉब शीटवरच्या एका ओळीत. "गंज, ग्राहकाला माहिती दिली" असं लिहून गेले तर पुढचे सगळे अधिकारी तीच ओळ वाचून उत्तर देणार. तिथे हवं ते असं: "टबच्या तळाला डाव्या पुढच्या वेल्डवर आरपार भोक, स्थिर पाण्यात गळती, सील आणि पाइप ठीक." टेक्निशियन कारण लिहायला तयार नसेल तर निदान जागा आणि निरीक्षण लिहायला लावा, कारण ठरवणं त्याचं कामच नाही. लिहीत नसेल तर सही करण्याआधी स्वतःच्या हाताने खाली हरकत लिहा आणि फोटो घ्या.

तुमची तक्रार "निकाली" कशी निघाली, त्याचं उत्तर बहुधा ओटीपीत आहे. जाताना टेक्निशियन "व्हिजिटची नोंद करायची आहे, कोड सांगा" म्हणतो. तो कोड बहुतेक कंपन्यांत काम समाधानकारक झाल्याची कबुली असतो. कागद मनासारखा होईपर्यंत कोड द्यायचा नाही. दिला असेल तर त्याच दिवशी मेल: काम झालेलं नाही, कोड भेटीची नोंद म्हणून मागितला होता, तक्रार पुन्हा उघडा.

बिलाचं. थर्मल कागदावरची शाई अशीच उडते, तुमचा दोष नाही. डीलरला जीएसटी कायद्याखाली हिशेबाची कागदपत्रं संबंधित वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. त्यामुळे जून २०१९ च्या बिलाची प्रत २०२६ अखेरपर्यंत तरी त्यांच्याकडे असायला हवी. लगेच मागा, पुढच्या वर्षावर ढकलू नका. सोबत कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढा. यंत्राच्या दाराच्या कडेवरच्या पाटीचा फोटोही घ्या. मॉडेल, अनुक्रमांक आणि बऱ्याचदा उत्पादनाचा महिना तिथे असतो. बॉश आणि सीमेन्सच्या पाटीवर ‘एफडी’नंतर चार आकडे असतात. पहिल्या दोनांत २० मिळवून शेवटचे दोन आकडे घेतले की वर्ष निघतं, पुढचे दोन महिना: ९९०३ म्हणजे मार्च २०१९. बिल नाहीच मिळालं तर निदान यंत्र त्याआधीचं नाही हे यावरून ठरतं.

कागद जमले की मेल करा, फोन पुरे. कॉल सेंटरला पाठवायचा मेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवा. पत्ता वेबसाइटवर किंवा खोक्यावरच्या ग्राहकसेवेच्या मजकुरात मिळतो. मजकूर इंग्रजीतच सोयीचा, पण गाभा असा ठेवा: "मॉडेल अमुक, अनुक्रमांक अमुक, खरेदी जून २०१९. टबला आरपार गंजाविरुद्ध १० वर्षांची वॉरंटी आहे. अमुक तारखेच्या भेटीत डाव्या पुढच्या वेल्डवर आरपार भोक आढळलं, फोटो आणि व्हिडिओ जोडले आहेत. टब बदलून द्यावा. नकार असल्यास कार्डातलं कोणतं कलम आणि त्यामागची तपासणी कोणती, हे १५ दिवसांत लेखी कळवावं." शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. कलम सांगायची वेळ आली की अर्धी प्रकरणं मऊ पडतात. राग, अनुभवांची यादी, सोशल मीडियाच्या धमक्या मेलमध्ये नकोत. हा मेल उद्या ग्राहक आयोगासमोर वाचला जाणार आहे.

उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्यांची वेगळी माणसं तिथे उत्तर द्यायला बसलेली असतात आणि ती सर्व्हिस सेंटरपेक्षा वरची असतात. टब मिळायचा तर बहुतेक वेळा इथेच मिळतो. "सुटा भाग उपलब्ध नाही" असं आलं तर ते लेखी घ्या. भाग न पुरवणं हे वॉरंटी मोडणंच आहे; त्यानंतर तुमची मागणी बदली यंत्राची किंवा पैसे परत करण्याची होते.

तरीही हललं नाही तर कंपनी आणि डीलर दोघांना स्पीड पोस्टने पोचपावतीसह नोटीस, १५ दिवसांची मुदत, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. म्हापसा बार्देश तालुक्यात, म्हणून तुमच्यासाठी उत्तर गोवा आयोग, पर्वरी; दक्षिणेचा मडगावला. फोंडेकरांनी लक्षात ठेवावं की त्यांचा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईला असो वा बंगळुरूला. कार्डावरची "फक्त अमुक शहराच्या न्यायालयांचं अधिकारक्षेत्र" ही ओळ पाहून घाबरू नका. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. कंपनी, आयात केलेलं असल्यास आयातदार, डीलर आणि सर्व्हिस सेंटर, सगळ्यांना पक्षकार करा. प्रतिज्ञापत्र आणि फोटो-व्हिडिओसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

मुदत २ वर्षांची, आणि ती खरेदीपासून नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून. म्हणजे भोक सापडून नकार मिळाल्यापासून मोजा. नंतर वर्षभर मेल चालू राहिले म्हणून ती लांबत नाही, इथे बरेच जण फसतात. यंत्राची तपासणी लागणार असेल तर आयोग ते प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून सुरुवातीला सांगितलं की यंत्र हलू देऊ नका. कायद्यात तपासणीशिवाय ३ महिने आणि तपासणीसह ५ महिने असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरून चला.

गळतीने खालच्या प्लायवूडच्या कपाटाचं नुकसान झालं असेल तर ते वेगळं मांडा. उत्पादन-दायित्वाच्या (सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीच्या) कलमांखाली यंत्राचं स्वतःचं नुकसान धरत नाहीत, पण इतर मालमत्तेचं धरतात. सुताराचं लेखी अंदाजपत्रक पुरतं.

तडजोडीत पैसे परत देऊ केले तर रक्कम बघून घ्या. डिशवॉशरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण तुम्ही २०१९ मध्ये २८ टक्क्यांनी भरलाय. हिशेब बिलाच्या पूर्ण रकमेवरून सुरू व्हावा, आजच्या किमतीवरून नाही. कंपनी वापराच्या वर्षांची वजावट मागेल; सातव्या वर्षी थोडी वजावट मान्य करणं व्यवहाराला धरून आहे, पण टक्का आणि तो कुठल्या कलमातून आला हे लिहून द्यायला सांगा. रक्कम खात्यात जमा झाल्यावरच यंत्र न्यायला द्या, आणि नेणाऱ्याकडून अनुक्रमांकासह पोचपावती घ्या.